आधी टायर, मग चाक, शेवटी साज : जुन्या स्पोर्ट्स कारविषयी वाचकांचे प्रश्न

चाकांविषयीच्या प्रश्नांत तीन मापे पुन्हापुन्हा येतात, ती आधीच सांगून ठेवतो. पीसीडी म्हणजे बोल्टच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. ‘४×१००’ म्हणजे चार भोके, १०० मिमीचे वर्तुळ. ईटी म्हणजे चाकाच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून चाक हबला (चाक ज्यावर बोल्टने आवळतात त्या गाडीकडच्या भागाला) टेकते त्या पृष्ठभागापर्यंतचे मिलिमीटरमधले अंतर. ईटी जितका कमी, तितके चाक मडगार्डच्या बाहेर येते. तिसरे माप मधल्या भोकाचे. ते हबच्या गोल उंचवट्यावर नेमके बसायला हवे. ‘१७×७.५’ म्हणजे चाकाचा व्यास आणि रुंदी, दोन्ही इंचांत. ‘२०५/४० आर१७’ म्हणजे टायरची रुंदी २०५ मिमी, बाजूची भिंत त्या रुंदीच्या ४० टक्के, चाक १७ इंची.

प्रश्न (रेडिंग, इंग्लंड) : माझ्याकडे १९९१ ची माझदा एमएक्स-५ आहे, इंजिन १.६. मूळ चाके १४ इंची. एका विक्रेत्याकडे १७×७.५, ईटी ३५ अशी चाके २०५/४० आर१७ टायरसकट स्वस्तात मिळत आहेत. लावावीत का? दारांखाली साइड स्कर्ट आणि पुढे लिपही (बंपरखालची पट्टी) लावायचा विचार आहे.

उत्तर : १७ इंची घेऊ नका. बसत नाहीत असे नाही, बसतात. पण या गाडीचे सगळे वैभव तिच्या हलकेपणात आहे आणि ही चाके तेच काढून घेतात.

आधी हिशेब पाहा. तुमचे मूळ माप १४×५.५, ईटी ४५, टायर १८५/६० आर१४. टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ५७८ मिमी. २०५/४० आर१७ चा व्यास ५९६ मिमी, म्हणजे ३ टक्क्यांहून जास्त. सुमारे ११५ अश्वशक्तीच्या इंजिनाला तेवढे लांब गिअरिंग ओढावे लागते, आणि स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकतो, जे तुमच्याकडच्या नियमांत बसत नाही. टायरची बाजूची भिंत १११ मिमीवरून ८२ वर येते. मूळ ‘डेझी’ नक्षीच्या अलॉय चाकाचे वजन साडेपाच किलोच्या आसपास आहे. स्वस्तातले १७ इंची चाक सहज नऊ-दहा किलो भरते. हे वजन स्प्रिंगच्या खालचे आणि फिरणारे असल्याने खडबडीत वळणावर चाक रस्ता सोडते आणि स्टिअरिंगमधून हाताला येणारी माहिती बोथट होते.

या गाडीला १५ इंच हे माप शोभते. रस्त्यावर चालवायची असेल तर १५×७, ईटी ३० ते ३५, वजन सहा-साडेसहा किलोपर्यंत, टायर १९५/५० आर१५ (व्यास ५७६ मिमी, म्हणजे मूळ मापाला जवळजवळ जुळता). टायर आधी ठरवा. कोणत्या मापात तुमच्या पसंतीचा चांगला, ताजा टायर मिळतो हे पाहून मगच चाकाची रुंदी ठरवायची. उलट केले की चाक सुंदर येते आणि त्याला मिळेल तो टायर चढवावा लागतो.

चाक किती बाहेर आणि किती आत जाईल हे कागदावर काढता येते. रुंदी ५.५ वरून ७ इंच झाली, म्हणजे ३८ मिमी वाढली. त्यातली निम्मी, १९ मिमी, प्रत्येक बाजूला. ईटी ४५ वरून ३० झाला, म्हणजे सगळे चाक आणखी १५ मिमी बाहेर सरकले. बाहेरची कड १९ + १५ = ३४ मिमी बाहेर, आतली कड १९ − १५ = ४ मिमी आत. आता गाडी सपाट जागेवर उभी करून मूळ चाकाच्या कडेपासून मडगार्डच्या ओठापर्यंत ओळंबा धरून मोजा, चारही चाकांना. जुन्या गाडीची डावी-उजवी बाजू पाच-सात मिमीने वेगळी निघणे नेहमीचे आहे, आणि घासते ती नेहमी कमी जागेची बाजू. १५×८, ईटी २५ घ्यायचा मोह झाला तर हाच हिशेब ५२ मिमी बाहेर आणि १२ मिमी आत असा येतो. त्याला निगेटिव्ह कॅम्बर (चाकाच्या वरच्या कडेचा आतल्या बाजूचा कल) वाढवावा लागतो आणि बहुधा मागच्या मडगार्डची आतली कड दुमडावी लागते. ती दुमडताना रंग हीटगनने ५०-६० अंशांपर्यंत गरम ठेवून रोलर हळूहळू दाबत न्यावा लागतो. तरी आतल्या जोडावरचे सीलर तडकतेच. ते खरवडून, प्रायमर मारून, नवे सीलर भरले नाही तर दोन हिवाळ्यांच्या मिठात मडगार्डची कड गंजते. १५×७ मध्ये हे काही करावे लागत नाही, म्हणून आमचा कौल त्यालाच.

पीसीडी ४×१००, मधले भोक ५४.१ मिमी. बाजारातल्या बऱ्याच चाकांचे भोक ६७.१ किंवा ७३.१ असते, मधल्या फटीसाठी सेंटरिंग रिंग घ्या, नाहीतर बॅलन्सिंग उत्तम असूनही ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरते. नट १२ मिमी, १.५ पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधले मिमीतले अंतर), ६० अंशांच्या कोनाचे. टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) ८८ ते ११८ न्यूटन-मीटरच्या मधोमध आवळा आणि ८० किलोमीटर चालवून पुन्हा तपासा. पुढे कधी नंतरच्या पिढीतल्या स्पोर्ट मॉडेलचे २७० मिमीचे ब्रेक लावायची इच्छा असेल तर त्यांना १५ इंची चाक लागतेच, हाही १५ च्या बाजूचा मुद्दा.

चाके बदलल्यावर अलाइनमेंट करून घ्या: कॅम्बर पुढे १ अंश निगेटिव्ह, मागे दीड, मागे किंचित टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा आत वळलेल्या). पण वेळ ठरवण्याच्या आठवडाभर आधी विशबोनच्या (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्याच्या) एक्सेंट्रिक बोल्टवर गंज सोडवणारे तेल रोज मारा. मिठाच्या रस्त्यावर तीस वर्षे काढलेल्या गाडीत हे बोल्ट बुशच्या आतल्या नळीला चिकटलेले असतात. जबरदस्तीने फिरवले तर तुटतात, मग कापून काढावे लागतात आणि बुशही बदलावे लागतात.

आता स्कर्ट. इथे आमचे म्हणणे ठाम आहे: सिल (दारांखालचा पोकळ पत्र्याचा पट्टा) तपासल्याशिवाय स्कर्टची ऑर्डर देऊ नका. कापडी छतावरून येणारे पाणी सीटमागच्या नळ्यांतून खाली उतरून मागच्या चाकांच्या पुढे गाडीखाली बाहेर पडते. पानांचा कचरा अडकला की ते पाणी सिलमध्ये साठते आणि सिल आतून सडते. नळीत लवचीक नायलॉनची दोरी घाला, ताठ तार नको. तारेने खालची झडप निखळते. मग अर्धा लिटर पाणी ओता आणि तितके बाहेर येते का ते पाहा. मागच्या चाकाच्या पुढचा भाग आणि सिलची खालची शिवण बोटाने दाबून, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. आवाज बद्द आला किंवा रंगाखाली फुगे दिसले तर स्कर्टचे पैसे वेल्डिंगला द्या. गंजलेल्या सिलवर स्कर्ट चढवला की गंज नजरेआड होतो आणि स्कर्टमागे ओल टिकल्यामुळे आणखी वेगाने वाढतो. वार्षिक एमओटी तपासणीत मग गाडी नापास होते. सिल धडधाकट असेल तर बाहेरच्या उभ्या पत्र्यात सेल्फ-टॅपिंग स्क्रू मारू न देता खालच्या शिवणीवर क्लिप आणि वरच्या कडेला दुहेरी टेप, असे बसवा.

पुढच्या लिपसाठी कंपनीच्याच आर-पॅकेजच्या धाटणीचा पॉलियुरेथेनचा (पीयू, म्हणजे लवचीक प्लॅस्टिकचा) लिप या गाडीच्या चेहऱ्याला सर्वांत शोभतो. तो बसवताना इंजिनखालचे प्लॅस्टिकचे ताट परत लावायला विसरू नका. ते हवा रेडिएटरमधून जायला भाग पाडते; ते काढून टाकलेल्या गाड्या गावात थंड राहतात आणि मोटरवेवर तापतात. वर येणारे दिवे तसेच राहू द्या. चाके, लिप, स्कर्ट, सगळे विमा कंपनीला कळवा. तिकडे न कळवलेल्या बदलावरून दावा अडतो.

प्रश्न (पुणे) : २००५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. सध्या २०५/५५ आर१६. १८ इंची लावली तर पुण्याच्या रस्त्यांवर टिकतील का? दुकानदार म्हणतो, बोल्ट जुनेच चालतील.

उत्तर : बोल्टची गोष्ट आधी, कारण धोका तिथे आहे. औरंगाबादजवळ (आता छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्याला जुळणी झालेल्या या ऑक्टाव्हियाच्या मूळ चाकांत बोल्टची बैठक गोलाकार असते. बाजारातल्या बहुतेक अलॉयमध्ये ती ६० अंशांच्या शंकूची असते. गोल डोक्याचा बोल्ट शंकूच्या बैठकीत फक्त एका बारीक रेषेवर टेकतो. पाना ‘टक्’ करतो, टॉर्क पूर्ण दाखवतो, आणि काही दिवसांत बैठक दबून बोल्ट सैल होतो. म्हणून बोल्ट नवे घ्या: १४ मिमी, १.५ पिच, शंकूच्या डोक्याचे, हबमध्ये किमान साडेसात-आठ पूर्ण फेरे जातील इतक्या लांबीचे, आणि आतल्या बाजूला कशालाही न अडणारे. १२० न्यूटन-मीटरला आवळा. जुने पाच बोल्ट डिकीत स्टेपनीजवळ ठेवा, कारण स्टेपनीला तेच लागतात. पंक्चरच्या रात्री हे आठवत नाही, म्हणून पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

माप १७ वर थांबवा. २२५/४५ आर१७ चा व्यास ६३४ मिमी, मूळ ६३२. स्पीडोमीटर जागच्या जागी राहतो. टायरची भिंत मूळ ११३ मिमी, १७ ला १०१, १८ च्या २२५/४० ला ९०. कागदावर ११ मिमीचा फरक किरकोळ वाटतो, पण पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या, खोली न दिसणाऱ्या खड्ड्यात रिम वाचते किंवा वाकते ती याच ११ मिमीत. चाक १७×७ किंवा ७.५, पीसीडी ५×१००, मधले भोक ५७.१, ईटी ३५ ते ४० च्या पट्ट्यात. सध्याच्या चाकाचा ईटी आतल्या बाजूला कोरलेला असतो. तो वाचून वर दिला तसा हिशेब करा, विशेषतः पुढे स्ट्रटकडच्या (चाकाआतल्या सस्पेन्शनच्या उभ्या दांड्याकडच्या) बाजूला. ५×११२ ची चाके पुढच्या पिढीच्या ऑक्टाव्हियाची. ती दाखवली तर नाही म्हणा.

चाकावर जपानी जेडब्ल्यूएल किंवा व्हीआयए चिन्ह आणि भारक्षमता कोरलेली आहे का ते पाहा. टायरवर आयएसआय चिन्ह हवे, भार निर्देशांक किमान ९१ (एका टायरवर ६१५ किलो), शक्यतो ९४. बाजूवरच्या चार आकड्यांवरून वय वाचा: ‘२३२४’ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. हवा इंधनाच्या झाकणाआतल्या तक्त्यापेक्षा २ पीएसआय जास्त ठेवा. कमी हवेचा बुटका टायर खड्ड्यात आधी मरतो.

बंपर बदलणार असाल तर एक सूचना. या १.८ टर्बो इंजिनाचा इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग) पुढच्या उजव्या कोपऱ्यात, चाकाच्या पुढे दडलेला आहे. दिखाऊ, आतून बंद जाळ्या असलेला बंपर लावला की त्याची हवा तुटते, आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या दमदार ओढीनंतर गाडी मंदावलेली जाणवते. खालच्या उजव्या जाळीमागे हात घालून पाहा. आरपार भोक नसेल तर तो बंपर नको.

प्रश्न (स्टुटगार्ट, जर्मनी) : १९८८ ची पोर्शे ९४४ घेतली आहे. जुन्या ९४४ ची फुक्स कंपनीची चाके मिळत आहेत. पीसीडी तोच आहे, मग बसतील ना?

उत्तर : भोके जुळतील, जागा जुळणार नाही. ९४४ मध्ये १९८७ च्या मॉडेल वर्षापासून सस्पेन्शनची भूमिती बदलली आणि चाकांचा ईटीही बदलला. आधीच्या गाड्यांची १६×७ चाके ईटी २३ च्या आसपासची, नंतरच्या गाड्यांची ५२ च्या आसपासची. जुनी चाके तुमच्या गाडीवर सुमारे २९ मिमी बाहेर येतील. मडगार्डला घासतीलच, शिवाय पुढचे स्टिअरिंग खडबडीत रस्त्यावर इकडेतिकडे ओढू लागेल. नंतरच्या ईटीची, ५×१३० चीच चाके शोधा. फुक्स चाके फोर्ज्ड (दाबून घडवलेली, ओतीव नव्हे) असतात, वाकली तर तज्ज्ञाकडून बऱ्याचदा सरळ होतात. तरीही विकत घेण्याआधी बॅलन्सिंग यंत्रावर फिरवून दाखवायला सांगा.

जर्मनीत चाकासोबत एबीई किंवा टाइलगुटाख्टेन हा मान्यतेचा कागद नसेल तर ट्यूफकडे (वाहन तपासणाऱ्या संस्थेकडे) नोंद करून घेणे अवघड आणि खर्चिक होते. कागद नसलेले स्वस्त चाक तिथे महागच पडते. शिवाय तीस वर्षांपुढच्या गाडीला मिळणारी ‘एच’ नंबरप्लेट तुम्हाला हवी असेल तर बदल त्या काळाला साजेसे लागतात. १८ इंची आधुनिक चाके आणि आजकालचे बॉडीकिट यांमुळे ती हातची जाऊ शकते.

प्रश्न (कुर्ला, मुंबई) : फियाट पालिओ १.६. चाकांचा दुकानदार म्हणतो, ४×१०० चे चाक ‘थोडे दाबून’ बसते.

उत्तर : दाबून बसवू नका. तुमच्याच भागातल्या कारखान्यात तयार झालेल्या या गाडीचा पीसीडी ४×९८ आहे. फरक फक्त २ मिमी, पण त्यामुळे प्रत्येक बोल्ट १ मिमी तिरपा ताणला जातो, शंकू एकाच बाजूला टेकतो आणि चाक मध्यावर येत नाही. पहिल्यांदा थरथर, मग बोल्ट सैल, मग बोल्टच्या मानेला तडा. ४×९८ चीच चाके मिळाली तर उत्तम. पालिओ, सिएना, पेट्रा यांची आपसांत चालतात.  ४×१०० ची लावायचीच असतील तर पर्याय म्हणजे डोक्याचा शंकू सुटा सरकणारे बोल्ट. ते चांगल्या प्रतीचे, १२ मिमी १.२५ पिचचे, आणि ५८.१ मिमीच्या सेंटरिंग रिंगसोबतच वापरायचे. रिंगशिवाय हे बोल्ट लावणे म्हणजे चाक मध्यावर धरायला काहीच न ठेवणे.

प्रश्न (कोल्हापूर) : जुन्या मित्सुबिशी लान्सरसाठी पूर्ण बॉडीकिट हवे आहे. फायबरचे घ्यावे की पीयूचे? गॅरेजवाला पॉप रिव्हेट मारून, लांबी (पुट्टी) भरून ‘एकसंध’ करून देतो म्हणतो.

उत्तर : फायबर स्वस्त, हलके, हवा तसा आकार देता येतो आणि मोडले तर जोडता येते. पण ते ताठ असते. फुटपाथच्या कडेला टेकले की तडकते. पॉलियुरेथेन वाकून परत येते, मात्र जड असते आणि उन्हात नीट आधार नसेल तर लांब स्कर्ट मधोमध लोंबतो. आमची वाटणी अशी: जमिनीजवळचा पुढचा लिप पीयूचा, स्कर्ट आणि मागचा स्पॉयलर फायबरचा किंवा एबीएस प्लॅस्टिकचा.

लांबी भरून एकसंध करायला ठाम नकार द्या. पत्रा आणि फायबर उन्हात वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, शिवाय गाडी पिळली की जोड हलतो. पहिल्या उन्हाळ्यात केसासारखी भेग पडते, त्यातून पावसाचे पाणी आत जाते आणि लांबीखाली पत्रा सडतो. जोड दिसू द्या. कडेला पातळ काळी रबरी पट्टी लावली की तो नीटस दिसतो.

क्रम असा ठेवा. रंगाआधी सगळे भाग कोरडेच गाडीवर टेपने लटकवून पाहा: दारे उघडतात का, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर घासतो का, जॅकची जागा मोकळी राहते का. फायबरचा भाग दोन्ही टोकांना ५-६ मिमीने जुळत नसेल तर घासून जुळवा; स्क्रूने ओढून जुळवलेला भाग तिथूनच तडकतो. मग फायबरला पिनहोल भरून प्रायमर, पीयूला प्लॅस्टिक प्रायमर आणि रंगात लवचीकपणाचे मिश्रण. ते घातले नाही तर पहिल्या धक्क्याला रंग खवल्यांसारखा निघतो. छिद्रे पाडलीच तर प्रत्येक छिद्राची कड घासून, झिंक प्रायमर लावून, सुकल्यावर आतून गंजरोधक मेण फवारून मगच रिव्हनट (आतून आटे असलेली रिव्हेट) किंवा नायलॉनची क्लिप घाला. दुहेरी टेपसाठी पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मे-निम्मे करून पुसा, टेप जोर लावून दाबा, आणि ७२ तास गाडी धुऊ नका. टेपची पूर्ण पकड यायला तेवढा वेळ लागतो. भर पावसाळ्यात हे काम काढूच नये.

लिप किती खाली असावा? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असतो. गावोगावचे बरेच गतिरोधक त्याहून अरुंद आणि उभे असतात. चार माणसे आणि भरलेली डिकी असताना लिपखाली किमान १४-१५ सेंमी राहायला हवेत. मागच्या स्पॉयलरने ब्रेकचा वरचा दिवा झाकला जात नाही हे पाहा, आणि डिकीचे झाकण स्पॉयलरच्या वजनाने आपोआप खाली येत असेल तर आधार आधी बदला.

प्रश्न (नाशिक) : जुन्या चाकांना पावडर कोटिंग करायचे आहे. एका चाकाच्या दांड्याला बारीक तडा आहे, तो वेल्ड करून चालेल का?

उत्तर : दांड्याला किंवा बोल्टच्या भोकांजवळ तडा असलेले चाक भंगारात द्या. बाहेरची कड वाकली असेल तर सरळ होते, बाकी वेल्डिंगवर जीव टांगू नका. कोटिंगच्या भट्टीचे तापमान १८०-२०० अंश असते. तितके तापमान वारंवार दिले तर अलॉयची उष्णताप्रक्रियेने आलेली ताकद घटते. कमी तापमानाला पिकणारी पावडर मागा आणि एकदाच करून घ्या. मुख्य म्हणजे हबला टेकणारा पृष्ठभाग आणि बोल्टच्या बैठका झाकून ठेवायला सांगा. तिथे पावडरचा थर राहिला तर तो दाबाखाली पसरतो आणि बोल्ट सैल होतात. चाके परत आली की आधी हेच तपासा.

प्रश्न (नागपूर) : यातले काय कायद्याने चालते?

उत्तर : मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहता, उत्पादकाने नोंदवलेल्या मूळ वैशिष्ट्यांना छेद देणारा बदल चालत नाही. मडगार्डबाहेर येणारी चाके, रुंदावलेले मडगार्ड, कापलेली बॉडी हे त्यात अडकते. रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओची परवानगी आणि आरसी पुस्तकात नोंद. पुढचा लोखंडी बुल बार डिसेंबर २०१७ पासून बंद आहे. कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला जे चाक आणि टायरचे माप दिले होते, ते निवडणे सर्वांत निर्धोक. मालकाच्या माहितीपुस्तकातले ते पान झेरॉक्स काढून गाडीत ठेवा. मूळ चाके विकू नका. फिटनेस तपासणीला आणि पुढे गाडी विकताना तीच लागतात.